चौतीस पेट्या आणि एक रकाना

मेजर गेले त्याला अकरा महिने झाले होते आणि क्वार्टर रिकामं करायला एक महिना उरला होता. नोकरीत असताना माणूस गेला तर त्याच्या कुटुंबाने वर्षभर क्वार्टरमध्ये राहावं, तेवढ्यात स्वतःला सावरावं आणि मग किल्ल्या जमा कराव्यात, असा नियम होता. सावरायला वर्ष पुरतं हे कुणी आणि कशावरून ठरवलं, याचा नियमात उल्लेख नव्हता. किल्ल्यांच्या दोन जोड्या जमा करायच्या, हे मात्र अधोरेखित केलेलं होतं.

मेजर लढाईत गेले नव्हते. तसं झालं असतं तर निदान भेटायला येणाऱ्यांना काय बोलावं ते सुचलं असतं. ते सकाळी मैदानावर धावायला गेले, चौथ्या फेरीत मध्येच खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. बरोबरच्यांना वाटलं, बुटाची नाडी बांधतायत. नव्या ठिकाणी येऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि घरातले पडदेसुद्धा अजून खिडक्यांच्या मापाचे नव्हते.

मागे राहिल्या तिघीजणी. एक मेजरांची बायको, जिला सगळी वसाहत मेजरीणबाई म्हणत असे. दुसऱ्या म्हणजे मेजरांच्या आई, मेजरीणबाईंच्या सासूबाई. आणि तिसरी सोळा वर्षांची लेक, जिच्या सात शाळा झाल्या होत्या आणि नव्या वर्गात कोणत्या बाकावर बसलं की कुणी फार चौकशी करत नाही, याचा जिचा अभ्यास पक्का होता.

मेजरीणबाई उंचीने बेताच्या होत्या, आवाजाने नव्हत्या. बदली या विषयात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. अठरा वर्षांत नऊ बदल्या काढलेली बाई. कुणाच्या घरी हुकूम आला की बायका आधी त्यांच्या दारात येत, आणि मग फ्रिज उभा न्यावा की आडवा, आरसा कोणत्या गादीत गुंडाळावा, कुंड्या कुणाच्या गळ्यात माराव्यात, असल्या प्रश्नांवर मेजरीणबाई चहा गार होईपर्यंत बोलत. त्यांचा पहिला सिद्धान्त असा होता की हुकमाची वाट पाहत बसू नये. बांधाबांध सुरू करावी, ठिकाण मागाहून येतंच.

नऊ वेळा ते आलंही होतं. म्हणून दहाव्या वेळीही त्यांनी तेच केलं. माळ्यावरच्या पेट्या खाली काढल्या, सुताराला बोलावलं, आणि नऊ दिवसांत चौतीस पेट्या खिळे ठोकून बंद केल्या. घरात तीन कप, एक पातेलं, तीन अंथरुणं आणि सासूबाईंची खुर्ची एवढं शिल्लक राहिलं. मग मेजरीणबाई कमरेवर हात ठेवून ठिकाण येण्याची वाट पाहू लागल्या.

ठिकाण येणार नव्हतं. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. हुकूम यायचा तो मेजरांच्या नावाने, आणि ज्याच्या नावाने यायचा तो माणूसच उरला नव्हता. पण हातापायांना हे सगळं उशिरा कळतं. त्या रोज अकरा वाजता टपालपेटीत डोकावून येत आणि आत काही नाही असं पाहून चक्क वैतागत.

शेवटी त्या सामानाच्या ट्रकसाठी क्वार्टर ऑफिसात गेल्या. तिथला कारकून भला माणूस होता. चष्मा कपाळावर ठेवून तो चष्मा शोधत असे, पण नियम त्याला तोंडपाठ होते. कुटुंबाला शेवटच्या मुक्कामाला पोचवायला एक ट्रक मिळतो, हे त्याने प्रेमाने सांगितलं आणि अर्ज पुढे केला. मेजरीणबाईंनी तो सराईतपणे भरला आणि ‘पुढील ठिकाण’ या रकान्यात ‘नंतर कळवू’ असं लिहून दिलं. कारकुनाने ते दोनदा वाचलं. “मॅडम, ट्रकला नंतर कळवू या गावाचा रस्ता माहीत नाही,” तो म्हणाला. पेन्सिलीने काहीतरी लिहून ठेवलं तर, असं त्यांनी विचारून पाहिलं. पेन्सिलीने लिहिलं तर ट्रकही पेन्सिलीनेच काढावा लागेल, असं काहीसं तो पुटपुटला आणि लगेच स्वतःच ओशाळला.

ही बातमी त्या घरी पोचायच्या आत वसाहतभर झाली. मेजरीणबाईंना कुठे जायचं ते ठरत नाही. ज्या बाईने सगळ्यांना फ्रिज कसा न्यावा ते शिकवलं तिच्याकडे न्यायचं गाव नाही. मग काय, सल्ल्यांचा पूर आला. शेजारची कॅप्टनीणबाई, जिला स्वतःची पहिली बदली झेपली नव्हती आणि जी त्या वेळी मेजरीणबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती, ती आता पाय हलवत पेटी नंबर सहावर बसली आणि म्हणाली, ताई, मोठ्या शहरात जा, माझी बहीण तिथेच असते. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर सासूबाईंच्या गुडघ्यांकडे बघून म्हणाले की कोरडी हवा पाहा. टोकाच्या बंगल्यातले निवृत्त कर्नल म्हणाले की माणसाने नेहमी उंचावर राहावं, चारही बाजूंचं दिसतं. दिसल्यावर काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. दिराचा फोन आला. आमच्याकडेच या, म्हणाला, दिवाणखान्यात मध्ये पडदा लावू, काही अडचण होणार नाही. त्याच्यामागून जावेचा आवाज येत होता, आणि पडद्याचं माप तिला पटलेलं नव्हतं.

मेजरीणबाई सगळं ऐकून घेत होत्या आणि आतून पेटत होत्या. दुःखाची त्यांना एव्हाना थोडी सवय झाली होती, सल्ल्याची नव्हती. अठरा वर्षं सल्ले देणाऱ्याला ते घ्यायला लागले म्हणजे काय होतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

मग त्यांनी घरच्या घरी मतदान घ्यायचं ठरवलं. कारण लेकीला विचारलं तर ती म्हणे, तू म्हणशील तिथे, आणि सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणत, तुमचं होईल ते माझं. दोघींनाही वर्षानुवर्षं कुणी विचारलंच नव्हतं. हुकूम यायचा आणि जायचं, त्यामुळे आपल्याला काय हवंय हे सांगण्याचा सराव कुणालाच राहिला नव्हता. तीन चिठ्ठ्या फाडल्या, पेन एकच असल्यामुळे आळीपाळीने लिहिल्या, आणि पातेल्यात टाकल्या. मेजरीणबाईंनी निवडणूक अधिकाऱ्याच्या गांभीर्याने एकेक उघडली.

पहिली चिठ्ठी लेकीची होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘इथेच’. दुसरी सासूबाईंची, थरथरत्या अक्षरात. तिच्यावरही ‘इथेच’. तिसरी उघडायची गरज नव्हती, कारण ती त्यांनी स्वतःच लिहिली होती.

जिथे मेजर तीनच आठवडे बरोबर राहिले होते, जिथल्या मैदानाकडची खिडकी मेजरीणबाईंनी वर्षभर उघडली नव्हती, तेच घर तिघींनाही सोडवत नव्हतं. आणि राहायची परवानगी नेमकी तिथलीच नव्हती. लेकीने चिठ्ठ्या गोळा केल्या, पातेलं विसळलं आणि त्यात चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मेजरीणबाईंनी निमूटपणे दिराच्या शहराचं नाव अर्जात घातलं. पडदा तर पडदा. पण कारकुनाने सांगितलं की आता सोबत कुटुंबाचा दाखला लागेल, मूळ प्रत, शिक्क्यासह. दाखला घरीच होता. कुठे, हा प्रश्न होता.

इथे मेजरांच्या पेट्यांचं शास्त्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मेजरांचा प्रवासातल्या चोरांवर गाढ विश्वास होता. चोर पेटीवरचं नाव वाचून पेटी निवडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगाने, सुंदर वळणदार अक्षरात, धडधडीत खोटं लिहीत. काचेच्या भांड्यांच्या पेटीवर ‘लोखंडी सामान’ असं लिहिलेलं असे. हमाल ती लोखंडासारखीच आपटत, आणि दर बदलीला अर्धा डझन कप धारातीर्थी पडत. उलट जुन्या जोड्यांच्या पेटीवर ‘काच, जपून’ असं लिहिलं होतं. ती पेटी चौघेजण हलक्या पावलांनी नवरदेवासारखी उचलून आणत. अठरा वर्षांत मेजरांच्या एकाही जुन्या बुटाला ओरखडा गेला नव्हता. चोर मात्र कधी आलाच नाही, त्यामुळे योजना यशस्वी झाली असं मेजर म्हणत.

यंदा पेट्या भरताना सुताराने विचारलं होतं, ही नावं खोडून नवी घालू का. मेजरीणबाईंनी ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला होता. ते अक्षर खोडायला त्यांचा हात धजावला नाही आणि दुसऱ्याचा त्यांनी धजावू दिला नाही.

आता शोधाशोध सुरू झाली. लेक म्हणाली, दाखला मीच ठेवलाय, पेटीत, पण कोणत्या ते आठवत नाही, घाई होती. मेजरीणबाईंनी सुताराला परत बोलावलं. “ताई, मी ठोकलेलं मलाच उपटायला बोलावणारं तुमचंच घर,” तो म्हणाला आणि कामाला लागला. ‘लोखंडी सामान’ उघडलं, ‘शाळेची पुस्तके’ उघडली, ‘पडदे’ उघडले. पडद्यांत भांडी निघाली आणि भांड्यांत पडदे निघाले, सात घरांच्या सात मापांचे, एकही या खिडक्यांना न बसणारे. तीन दिवस घरभर सामान पसरलं. वर्षभरात जे कुणी धड पाहिलं नव्हतं ते सगळं समोर आलं. मेजरांचे तीन चष्मे. अर्धवट राहिलेलं शब्दकोडं. त्या सकाळी अंगातून काढलेला आणि मग कुणीतरी धुऊन घडी करून दिलेला बनियन.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीने एक लहान बॅग उघडली आणि तशीच बसून राहिली. “आई,” ती म्हणाली, “हे काय?”

आत सात शर्ट होते, इस्त्री केलेले. दाढीचं सामान, मोजे, नवा रुमाल. दर बदलीला मेजरीणबाई ही बॅग वेगळी भरत असत. नव्या ठिकाणी सामान सुटेपर्यंत पहिला आठवडा मेजरांची कपड्यावाचून अडचण होऊ नये म्हणून. यंदाही त्यांनी ती भरली होती. बांधाबांधीच्या तिसऱ्या दिवशी, नेहमी भरत त्याच दिवशी, शर्टांना इस्त्री करून. एकदाही हात थांबला नव्हता.

मेजरीणबाईंनी बॅगेकडे पाहिलं. काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं, लेक वाट पाहत होती. “चुकून,” त्या म्हणाल्या, आणि मग मात्र वर्षभर जे रडू आल्यागेल्यापुढे नीट बेताने रडल्या होत्या ते बेत सोडून बाहेर पडलं. सुतार हातोडा खाली ठेवून अंगणात जाऊन उभा राहिला. लेकीने एकेक शर्ट परत बॅगेत ठेवला, इस्त्री न मोडता.

दाखला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला, चौतिसाव्या पेटीत. त्या पेटीवर मेजरांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘महत्त्वाची कागदपत्रे’. म्हणूनच मेजरीणबाईंनी ती शेवटपर्यंत उघडली नव्हती. मेजरांनी जिथे कागदपत्रे लिहिलंय तिथे काहीही सापडेल, कागद सापडणार नाही, हे त्यांना अठरा वर्षांच्या संसारातून माहीत होतं. लेकीने मात्र बापाचं अक्षर वाचलं होतं आणि त्यावर सरळ विश्वास ठेवला होता.

दाखला घेऊन मेजरीणबाई ऑफिसात गेल्या. आठच दिवस उरले होते. कारकुनाने कपाळावरचा चष्मा शेजारच्या टायपिस्टने दाखवल्यावर डोळ्यांवर घेतला, सगळं तपासलं आणि बोट शेवटच्या रकान्यावर आणून थांबवलं. तिथे छापलेलं होतं, ‘हलवण्याचा आदेश देणारे अधिकारी’. आजवर तिथे कुणा ना कुणा साहेबाचं नाव असायचं, त्यामुळे त्या रकान्याकडे त्यांचं कधी लक्षच गेलं नव्हतं. रिकामा ठेवला तर, असं त्यांनी विचारलं. रिकामा ठेवला तर ट्रक का हलला याला उत्तर राहत नाही, कारकून म्हणाला. “तुम्ही स्वतःचं नाव घाला मॅडम. चालेल. मी करतो काहीतरी.”

त्यांनी पेन हातात घेतलं, रकान्यावर धरलं आणि परत टोपण लावलं. उद्या येते म्हणाल्या.

घरी सासूबाई पसाऱ्याच्या मधोमध आपल्या खुर्चीत बसून पडद्यांच्या घड्या करत होत्या. मेजरीणबाई समोरच्या पेटीवर बसल्या. सासूबाईंनी घडी चालू ठेवली.

“नाव घालायचंय, कुणाच्या हुकमाने जातोय त्याचं,” मेजरीणबाई म्हणाल्या. “मला घालता येत नाहीये, आई.”

“का?”

“आजवर ठिकाण वाईट निघालं की आपण सगळ्यांनी मिळून ऑफिसला शिव्या घातल्या. ह्यांनाही घातल्या. आता मी ठरवायचं. पोरीचं वर्ष वाया गेलं, तुमचं दुखणं वाढलं, जावेशी पटलं नाही, तर मी कुणाला बोलू?”

सासूबाईंनी पडदा मांडीवर ठेवला. सून घरात आल्यापासून त्यांनी तिला कधी अमुक कर असं म्हटलं नव्हतं. तो त्यांचा चांगुलपणा होता की आळस, यावर मेजरांचं आणि मेजरीणबाईंचं कधी एकमत झालं नव्हतं.

“मला बोल,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“माझं नाव घाल तिथे. माझा हुकूम. आणि पडद्यामागे राहायला जायचं नाही. धुक्याच्या गावी जायचं.”

मेजरीणबाई बघतच राहिल्या. धुक्याचं गाव म्हणजे त्यांची चौथी बदली, डोंगरावरची. तिथे बुटांना बुरशी येई, काडेपेटी पेटत नसे, मीठ बरणीत पाणी होऊन पडे. तिथल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त बोटं मोडली होती ती सासूबाईंनीच, कारण त्यांचे गुडघे तिथेच धरले होते.

“तू शिकवायचीस त्या तिथल्या शाळेच्या बाईंचं पत्र आलं होतं,” सासूबाई पुढे म्हणाल्या. “गणिताची जागा आहे, अजूनही तुमची आठवण काढतो, या म्हणून. तू वाचून कपाटात कागदाखाली ठेवलंस. मी कपाट आवरताना वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं.”

“तुमचे गुडघे—”

“ते कुठेही दुखतात. त्यांना गावाचं नाव कळत नाही.” मग त्या म्हणाल्या, “तेव्हाही त्यांनी तुला कायमची नोकरी देऊ केली होती. तू नाही म्हणालीस, माझ्या मुलाची बदली झाली म्हणून. तू एका शब्दाने बोलली नाहीस, पण त्या दिवशी तू भाजी जाळलीस. तू भाजी कधी जाळत नाहीस. तेव्हाच मी काहीतरी बोलायला हवं होतं.”

मेजरीणबाईंनी अर्ज पुढे केला. सासूबाईंनी पेटीचा कागदाखाली टेका घेऊन, एकेक अक्षर जुळवत, आपलं पूर्ण नाव लिहिलं. मुलाचं बारसं झालं त्यानंतर बहुधा इतक्या विचाराने त्यांनी काही लिहिलं नसावं.

सकाळी कारकुनाने अर्ज हातात घेतला. ठिकाण बदललेलं त्याने पाहिलं, नाव पाहिलं, आणि विचारलं, “या अधिकाऱ्यांचा हुद्दा?”

“माझ्या सासूबाई.”

कारकून थोडा वेळ नियम आठवत राहिला. मग त्याने शिक्का उचलला. आमच्याकडेही शेवटचा हुकूम याच हुद्द्याचा असतो, म्हणाला, आणि दोन्ही प्रतींवर नीट दाबून शिक्का मारला. मारून झाल्यावर तो उभा राहिला. मेजर पहिल्या दिवशी चावी घ्यायला आले होते तेव्हा त्याच्याशी पाच मिनिटं हसून बोलले होते, एवढंच त्याने सांगितलं. मेजरीणबाईंना ते माहीत नव्हतं. त्या तीन आठवड्यांतलं काहीतरी त्यांना नव्याने मिळालं होतं. ते घेऊन त्या घरी आल्या.

सुतार पेट्या परत ठोकत होता. लेक सामान हातात देत होती. मेजरीणबाई सरळ सासूबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बोलायला लागल्या. काय सुचलं तुम्हाला, म्हणाल्या. तिथे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. दूध वेळेवर मिळत नाही. डॉक्टर यायला दोन तास लावतात. चढ चढून शाळेत जायचं, या वयात. पोरीची आठवी शाळा, तिला विचारलंत का, मला विचारलंत का, कुणालाच काही न विचारता आपलं ठरवून मोकळे होता, आणि मग स्वतः मध्येच उठून निघून जाता, नवीन घरात पडदेसुद्धा लागलेले नसतात, आणि मी एकटीने काय काय करायचं.

हातोडा थांबला होता. लेक दारात उभी होती. सासूबाईंनी घडी बाजूला ठेवली होती आणि सुनेकडे बघत, सगळं आपल्यालाच बोलली असं धरून, त्या शांतपणे ऐकून घेत होत्या.

“हो,” त्या मध्ये एकदा म्हणाल्या. “चुकलंच माझं. अजून बोल.”